‘अवलंबित’ नेमकं कोण? अमेरिकेची कर-पुस्तिका ५०१ संशोधकाच्या नजरेने वाचताना

आज पेपर नाही, एक सरकारी पुस्तिका वाचायला घेऊ. अमेरिकेच्या आयकर खात्याची, म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसची, ‘प्रकाशन ५०१’. अवलंबित व्यक्ती कोण, प्रमाणित वजावट किती आणि विवरणपत्र कोणी भरायचं, एवढाच तिचा विषय. दरवर्षी नवी आवृत्ती निघते. तुम्ही म्हणाल, हे सीए लोकांचं काम, आम्हाला कशाला? तर शिक्षणाचं अर्थशास्त्र, कुटुंबाचा अभ्यास, तरुणांचा रोजगार यांवरचे बरेच गाजलेले पेपर अमेरिकेच्या कर-नोंदींवर उभे आहेत आणि त्या नोंदींत ‘डिपेंडंट’ नावाचा एक रकाना आहे. आपण लिटरेचर रिव्ह्यू करताना त्याचं ‘अवलंबित’ असं भाषांतर करतो आणि पुढे जातो. त्या शब्दापाशी थोडं थांबायला हवं.

आधी एका प्रश्नाचं उत्तर मनात ठरवा. कॉलेजात शिकणारी, वीस वर्षांची मुलगी नोकरी करून पैसे मिळवते. तिच्या कमाईचा आईवडिलांच्या करावर काय परिणाम होईल?

बहुतेकांचं उत्तर दोनपैकी एक असतं. एक, तिची कमाई आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवली जाईल. दोन, कमाई एका मर्यादेपुढे गेली की ती अवलंबित राहणार नाही. दोन्ही उत्तरं चूक आहेत. तिचा पगार आईवडिलांच्या विवरणपत्रात कधीच येत नाही. तो तिच्या स्वतःच्या विवरणपत्रात जातो. आणि ‘पात्र मूल’ या वर्गात उत्पन्नाची मर्यादाच नाही. नातं हवं, वय १९ च्या आत हवं किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ च्या आत, निम्म्याहून जास्त वर्ष त्याच घरी राहणं हवं (शिक्षणासाठी हॉस्टेलवर राहिलं तरी ते घरीच राहिल्यासारखं धरतात), नवराबायकोचं संयुक्त विवरणपत्र भरलेलं नसावं, आणि शेवटची अट अशी की मुलाने स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः उचललेला नसावा.

मर्यादा आहे ती दुसऱ्या वर्गात, ‘पात्र नातेवाईक’ या वर्गात. २०२५ साठी ती ५,२०० डॉलर आहे. विद्यार्थी २४ वर्षांचा झाला की तो पहिल्या वर्गातून बाहेर पडतो आणि अवलंबित राहायचंच असेल तर या दुसऱ्या वर्गात यावं लागतं. तिथे मग उत्पन्न मोजलं जातं. लोकांच्या डोक्यात जो आकडा बसलेला असतो तो बहुधा इथून आलेला असतो. नियम खरा, पण चुकीच्या माणसाला लावलेला.

आता पुस्तिकेतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. मी आशय सांगते: माणसाचे स्वतःचे पैसे प्रत्यक्ष निर्वाहावर खर्च झाले तरच ते निर्वाहात धरायचे. म्हणजे किती मिळवलं हा प्रश्नच नाही. किती मिळवून कुठे खर्च केलं, हा प्रश्न आहे.

हिशेब करून पाहू. समजा आपल्या या मुलीचा वर्षाचा एकूण निर्वाह, म्हणजे फी, खोली, जेवण, पुस्तकं, प्रवास, औषधपाणी, मिळून २४,००० डॉलर आहे. उन्हाळ्यातली नोकरी आणि कॅम्पसवरच्या लायब्ररीतलं काम मिळून ती १४,००० कमावते. पहिल्या शक्यतेत ती त्यातले ४,००० स्वतःवर खर्च करते, १०,००० बचत खात्यात टाकते आणि बाकीचे २०,००० आईवडील देतात. ती अवलंबित आहे. दुसऱ्या शक्यतेत ती १३,००० स्वतःवर खर्च करते आणि आईवडील ११,००० देतात. निम्मे म्हणजे १२,०००, तिने त्याहून जास्त उचलले, म्हणून ती अवलंबित नाही. कमाई दोन्हीकडे तीच. नोकरी तीच, मालक तोच, पगाराची स्लिपही तीच.

याचा पैशांत अर्थ काय? पूर्वी अवलंबितामागे वैयक्तिक सूट मिळायची, २०१७ मध्ये ती ४,०५० डॉलर होती. २०१८ पासून ती शून्य आहे. पण इतर अवलंबितांसाठीचं ५०० डॉलरचं क्रेडिट आहे आणि उच्च शिक्षणासाठीचं अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट आहे, ते २,५०० पर्यंत जातं. आईवडिलांचं संयुक्त उत्पन्न १,६०,००० च्या आत असेल, तेवढा कर त्यांना लागू होत असेल आणि पात्र फी ४,००० च्या वर असेल, तर दुसऱ्या शक्यतेत त्यांच्या हातून ३,००० डॉलर जातात. मुलगी आता शिक्षणाचं क्रेडिट स्वतः मागू शकते, पण तिचे १४,००० तर २०२५ च्या १५,७५० च्या प्रमाणित वजावटीतच संपतात. तिला कर लागतच नाही, त्यामुळे क्रेडिटमधला परत मिळण्याजोगा भाग, फार तर १,०००, तेवढा तिला मिळेल. कुटुंबाचं म्हणून पाहिलं तर नुकसान २,००० चं. आईवडिलांच्या विवरणपत्रावर पाहिलं तर ३,००० चं. तुमच्या अभ्यासाचं एकक कुटुंब आहे की विवरणपत्र, यावर आकडा बदलतो. वायवाला नेमका हाच प्रश्न येतो, आणि उत्तर मेथडॉलॉजीच्या प्रकरणात आधीच लिहिलेलं असावं लागतं.

पुस्तिकेबद्दल तक्रार करण्याआधी तिचं कौतुक करते. तिच्यातली उदाहरणं फार चांगली आहेत. १७ वर्षांचं मूल स्वतःच्या पैशांनी ४,५०० डॉलरची गाडी घेतं. आईवडील त्या वर्षी बाकी निर्वाहावर ४,००० खर्च करतात. गाडी मुलाच्या मालकीची, म्हणून तिची किंमत निर्वाहात धरायची. एकूण ८,५०० झाले आणि त्यातले निम्म्याहून जास्त मुलाचे. मूल अवलंबित उरत नाही! एका सेकंडहँड गाडीने वर्षभराचं नातं, अर्थात कराच्या कागदावरचं, पालटलं. एखादी व्याख्या किती ठिसूळ आहे हे दाखवायला यापेक्षा बरं उदाहरण मला माहीत नाही. दुसऱ्या एका उदाहरणात भाची स्वतःच्या नावावर कर्ज काढून फी भरते, आणि ते कर्ज तिचा स्वतःचा निर्वाह म्हणून धरलं जातं. म्हणजे उद्या फेडायचे पैसे आज ‘स्वतःचे’ ठरतात. उलट पूर्णवेळ विद्यार्थी असलेल्या मुलाला मिळालेली शिष्यवृत्ती या चाचणीत मुलाच्या बाजूला धरतच नाहीत. कर्ज धरतात, शिष्यवृत्ती धरत नाहीत. हे तर्काला धरून आहे का, यावर वाद घालता येईल. पण तुमच्या डेटातला विद्यार्थी कोणत्या बाजूला पडला हे त्यावरून ठरतं, हे नक्की.

आता तक्रार. पुस्तिका नियम सांगते, पण नियमाचं कारण आणि इतिहास कुठेच सांगत नाही. करदात्याला त्याची गरज नसेल. संशोधकाला आहे. १९५४ पूर्वी मुलांनाही उत्पन्नाची मर्यादा होती, ६०० डॉलरची. तेवढी कमाई झाली की आईवडिलांची सूट जायची. अशा नियमात ६०० जवळ आल्यावर मुलाने काम थांबवणं हेच घराच्या फायद्याचं होतं. १९५४ च्या कायद्याने १९ च्या आतल्या मुलांना आणि विद्यार्थ्यांना या मर्यादेतून मोकळं केलं. म्हणजे आज ‘पात्र मूल’ या वर्गात उत्पन्नाची अट का नाही, याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या दुरुस्तीत आहे, पुस्तिकेत नाही.

दुसरा बदल आणखी महत्त्वाचा आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. २००४ च्या कायद्याने मुलाची एकच सामाईक व्याख्या आणली, ती २००५ पासून लागू झाली. त्याआधी आईवडिलांनी निम्म्याहून जास्त खर्च केलेला असावा अशी अट होती. त्यानंतर मुलाने स्वतः निम्म्याहून जास्त केलेला नसावा अशी झाली. ऐकायला सारखंच वाटतं ना? नाही. आजोबांनी ४० टक्के, आईवडिलांनी ३५ टक्के आणि मुलाने २५ टक्के खर्च केला, तर जुन्या अटीत मूल आईवडिलांचं अवलंबित नव्हतं, नव्या अटीत आहे. तुम्ही १९९५ ते २०१५ असा आलेख काढून ‘अमेरिकी विद्यार्थ्यांचं पालकांवरचं अवलंबन’ असं शीर्षक दिलंत, तर २००५ च्या जागी उभी रेघ मारून खाली टीप लिहावी लागेल.

याच जातीची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९८७ च्या विवरणपत्रांत पाच वर्षांवरच्या प्रत्येक अवलंबिताचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणं सक्तीचं झालं आणि सुमारे ७० लाख मुलं कागदावरून नाहीशी झाली. खोटी मुलं पकडली गेली, अशी ही गोष्ट सांगतात, आणि बरीचशी ती तशीच असेल. पण त्याच १९८६ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली. तोवर नोकरी करणारा विद्यार्थी स्वतःची सूट घेई आणि आईवडीलही त्याच्यापायी सूट घेत. १९८७ पासून हे दुहेरी बंद झालं. एकाच वर्षी दोन नियम बदलले की परिणामाचं सगळं श्रेय एकाला देताना हात आखडता घ्यावा. चटपटीत गोष्टी वर्गात सांगायला छान, सिनॉप्सिसमध्ये उद्धृत करायला नाहीत.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. ‘निम्मा निर्वाह’ हे शब्द अमेरिकी कायद्यात ठिकठिकाणी येतात आणि दर ठिकाणी त्यांचा अर्थ थोडा हलतो. वरच्या मुलीकडेच परत पाहा. ज्याला किडी टॅक्स म्हणतात त्या नियमानुसार पूर्णवेळ विद्यार्थ्याचं व्याज-लाभांशासारखं बसून मिळणारं उत्पन्न २०२५ मध्ये २,७०० डॉलरच्या वर गेलं, तर वरच्या भागावर आईवडिलांच्या दराने कर लागतो. १९ ते २३ वयाच्या विद्यार्थ्याला हा नियम केव्हा लागत नाही? त्याची श्रमाची कमाई निर्वाहाच्या निम्म्याहून जास्त असेल तेव्हा. इथे खर्च नव्हे, कमाई मोजायची! आपल्या मुलीची कमाई १४,००० आणि निर्वाहाचे निम्मे १२,०००. म्हणून पहिल्या शक्यतेत, बचत करणारी असतानाही, ती एका कलमाखाली आईवडिलांची अवलंबित आहे आणि दुसऱ्या कलमाखाली स्वतःच्या पायावर उभी आहे. एकाच वर्षी, एकाच घरात.

कमी उत्पन्नाच्या नोकरदारांना मिळणाऱ्या अर्न्ड इन्कम क्रेडिटमध्ये तर मुलाच्या बाबतीत निर्वाहाची अटच नाही. आणि कॉलेजच्या आर्थिक मदतीचा जो फाफ्सा फॉर्म आहे, तो आईवडील कराच्या कागदावर मुलाला दाखवतात की नाही हे विचारात घेत नाही. तिथे वय, लग्न, स्वतःची मुलं, लष्करी सेवा असे निकष आहेत. तो फॉर्म विद्यार्थ्याची कमाई मात्र मोजतो: एका संरक्षित रकमेच्या वरच्या कमाईतला अर्धा हिस्सा फीसाठी उपलब्ध आहे असं धरतो. थोडक्यात, विद्यार्थ्याच्या पगाराचा फटका बऱ्याच घरांना करात बसण्याऐवजी तिथे बसतो. तुमचा प्रश्न ‘नोकरीमुळे घराचं किती नुकसान होतं’ असा असेल, तर फक्त कर-डेटा घेऊन बसणं म्हणजे हरवलेली किल्ली उजेड आहे तिथेच शोधणं.

मग या डेटावर चांगलं काम होतच नाही का? होतं, आणि कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. नाओमी फेल्डमन, पीटर कातुश्चाक आणि लॉरा कावानो यांचा २०१६ चा, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमधला पेपर घ्या. मूल १७ वर्षांचं झालं की आईवडिलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट जातं. ही रक्कम ठोक आहे आणि ती जाणार हे आधीच ठाऊक असतं. अधिक कमावल्यास जास्त दराने कर लागेल असं त्यात काही नाही. तरीही क्रेडिट गेल्याचं कळल्यावर घरांनी दाखवलेली श्रमाची कमाई कमी झाली. लेखकांचा निष्कर्ष असा की लोक या बदलाचा काही भाग तरी चुकून ‘आपला कराचा दर वाढला’ असा वाचतात.

या पेपरची ताकद कशात आहे? त्यांनी ‘कोण अवलंबित’ हा निसरडा प्रश्न टाळून वाढदिवस पकडला. निर्वाहाचा हिशेब घरात बसून हलवता येतो. मुलाने गाडी यंदा घ्यायची की पुढच्या वर्षी, फी कोणाच्या खात्यातून भरायची. जन्मतारीख हलवता येत नाही. ३१ डिसेंबरच्या आसपास जन्मलेल्या आणि १ जानेवारीच्या आसपास जन्मलेल्या मुलांची घरं इतर सर्व बाबतींत सारखीच असणार. सतराव्या वर्षी पोरं बर्गरच्या दुकानात कामाला लागतात आणि म्हणून आईबाप कमी काम करतात, अशी शंका तुम्हाला येईल. पण ती दोन्ही बाजूंच्या मुलांना सारखीच लागू पडते. माझी शंका वेगळी आहे. कर-नोंदीत वागणं दिसतं, समजूत दिसत नाही. कमाई घटली हे कागदावर आहे. लोकांना काय वाटलं म्हणून घटली, हे लेखकांनी तर्काने काढलंय. तर्क मला पटतो. तरी पंचवीस घरांत जाऊन ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?’ असं विचारणारा गुणात्मक अभ्यास शेजारी असता, तर बरं झालं असतं. गुणात्मक पद्धतीला दुय्यम समजणाऱ्या मित्रांनी हे जरूर टिपून ठेवावं.

तीच युक्ती २४ व्या वाढदिवसाला वापरायचा मोह होईल. होऊ द्या, पण सावध राहा. ३१ डिसेंबरला २४ पूर्ण झालेला विद्यार्थी त्या वर्षी करासाठी ‘पात्र मूल’ राहत नाही. आणि १ जानेवारीच्या आत २४ झालेला विद्यार्थी फाफ्सासाठी स्वतंत्र होतो, म्हणजे पालकांचं उत्पन्न न धरता त्याची मदत ठरते. दोन्ही रेघा एकाच तारखेवर! या सीमारेषेवरचा कोणताही पेपर वाचताना समासात पहिला प्रश्न हाच लिहा: बदल मदतीमुळे झाला की करामुळे, आणि लेखकांनी ते वेगळं कसं केलं?

हे सगळं मराठीत का सांगतेय, तर ‘कमवा आणि शिका’ वर काम करू इच्छिणाऱ्या दोघातिघांनी आपल्या प्रश्नावल्या माझ्याकडे पाठवल्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेपासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठापर्यंत या कल्पनेला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, विषय उत्तम आहे. पण प्रश्नावलीत अमेरिकी पेपरमधून उचललेला प्रश्न दिसतो: ‘पालक तुम्हाला करासाठी अवलंबित दाखवतात का?’ भारतात कराचं एकक व्यक्ती आहे. सज्ञान मुलाची कमाई आईवडिलांच्या विवरणपत्राला शिवत नाही. आयकर कायद्यात अज्ञान मुलाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवायची तरतूद आहे, पण त्यातूनही अंगमेहनतीची किंवा स्वतःच्या कौशल्याची कमाई वगळलेली आहे. जुन्या करप्रणालीत दोन मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते, तीही मुलं कमावतात की नाही हे न विचारता. तेव्हा त्या प्रश्नाला साताऱ्यातला किंवा नाशिकमधला विद्यार्थी ‘हो’ म्हणेल, ‘नाही’ म्हणेल, आणि दोन्ही उत्तरांना काही अर्थ नसेल.

त्याऐवजी तीन रकाने करा. महिन्याला किती मिळतात, त्यातले स्वतःवर किती खर्च होतात आणि घरी किती पाठवता. तिसरा रकाना ५०१ च्या निर्वाहाच्या तक्त्यात नाही, कारण तो तक्ता पैसे मुलाकडे येताना मोजायला बनवला आहे. आपल्याकडे ग्रंथालयात पुस्तकं लावून मिळालेल्या मानधनातून धाकट्या बहिणीची फी भरणारा मुलगा भेटेल. पुस्तिकेच्या हिशेबाने ते पैसे त्याच्या स्वतःच्या निर्वाहात येत नाहीत. तो जितके जास्त घरी पाठवेल, तितका तो स्वतःवर कमी खर्च करणार आणि तितका तो ‘अवलंबित’ ठरणार.